फॉर्मवरचा नंबर

मित्रांनो, माझं वय सहा वर्षं. तुमच्यात सहाव्या वर्षी पोराला शाळेत घालतात, आम्हा मोबाइलमधल्या ॲपांच्यात सहाव्या वर्षी "हे अजून चालतंय होय?" असं विचारतात. तेव्हा मला जुना म्हणायला कुणाची हरकत नसावी. नाव कानगोष्ट. काम असं, की जे माणूस डॉक्टरला विचारायला लाजतो, घरात बोलत नाही, आणि मित्राला सांगितलं तर दुपारपर्यंत पारावर पोचतं, ते मला विचारायचं. लैंगिक आजार कसे ओळखायचे, निरोध कसा वापरायचा, एचआयव्हीची तपासणी कुठं होते, काही विपरीत घडलं तर पुढं काय करायचं. मी नाव विचारत नाही. हसत नाही. उपदेश तर तोंडाशी आला तरी गिळतो. पुढं जी माणसं येतील त्यांची नावंही मी बदलली आहेत. आपल्या गावात असा हवालदार कोण, ते शोधत बसू नका.

माझा जन्म सांगलीच्या विश्रामबागेतला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतला. तिथं एका आरोग्य संस्थेचं ऑफिस होतं. मला घडवलं सृष्टीनं. ती आटपाडीकडची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचे आणि रोज दोनदा कळप मोजायचे. ती खोड नातीत उतरली आणि नातीनं ती माझ्यात घातली. कोण आलं, कुठवर आलं, कुठल्या प्रश्नाला अडलं, कुठून पळालं, सगळं मी मोजतो.

माझी उत्तरं लिहिली विजयमालाताईंनी. त्या संस्थेच्या साताऱ्याच्या केंद्रात वीस वर्षं समुपदेशक आहेत, म्हणजे आलेल्या माणसाशी निवांत बोलून त्याची भीती घालवायची आणि त्याला योग्य दारात पोचवायचं, हे त्यांचं काम. "पुस्तकातलं मराठी घालू नकोस गं," त्या सृष्टीला म्हणाल्या, "जननेंद्रिय म्हटलं की पोरगं परीक्षेला बसल्यागत घाम पुसतं."

मग आली संस्थेची समिती. सात माणसं. फोनवर माझं चित्र काय दिसावं यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या. एकाला एड्सची खूण म्हणून लाल फीत हवी होती. सृष्टी म्हणाली, लाल फीत दिसली तर घरातलं कुणीही विचारेल, हे काय म्हणून. शेवटी नावाला शोभेल असं कानाचं चित्र ठरलं. झालं! पहिल्या वर्षात अडतीस जणांनी मला कान दुखतोय म्हणून गाठलं. एकानं मळ काढायचं औषध मागितलं, ते मिळालं नाही म्हणून मला पाचातला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "फसवणूक."

सुरुवातीला कौतुकही झालं, नाही म्हणत नाही. कॉलेजांत मला मोठ्या पडद्यावर दाखवलं. एका पाहुण्यानं माझं नाव तीनदा चुकीचं घेऊन मला समाजाचा दीपस्तंभ म्हटलं. समोर दोनशे पोरं टाळ्या वाजवत होती. त्यातल्या एकतीस जणांनी मला फोनमध्ये घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सव्वीस जणांनी काढून टाकलं. पुढं टाळ्याही बंद झाल्या.

लोकांच्या सवयी ऐका. दहातले सहा जण पहिलं वाक्य लिहितात, "मित्रासाठी विचारतोय." या दोन जिल्ह्यांत इतके काळजीवाहू मित्र असतील असं मला वाटलं नव्हतं. एकाला तर मित्राची जळजळ सकाळी जास्त असते की संध्याकाळी, हेही ठाऊक होतं. जन्मतारीख विचारली की निम्मा जिल्हा एक जानेवारीला जन्मलेला. भाषा विचारली की ऐटीत इंग्रजी निवडतात आणि दोन पानांत मुकाट मराठीत परततात. आणि जवळजवळ सगळे, काम झालं की नाही याची वाट न बघता, पाच-दहा मिनिटांत मला पुसून टाकतात. फोन घरात कुणाच्याही हातात जातो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही.

त्यावर समितीनं तोडगा काढला. ॲप पुसलं तरी माणूस हरवू नये म्हणून केंद्राची वेळ आणि पत्ता साध्या मेसेजनं पाठवायचा. मेसेजमध्ये रक्ताचा, आजाराचा, कशाचाही उल्लेख नको. सोबत एक परवलीचा शब्द द्यायचा. केंद्रात येऊन तो शब्द सांगितला की नाव न विचारता माणसाला आत घ्यायचं आणि माझ्या यादीत 'हजर' अशी खूण करायची. जो हजर होणार नाही त्याला विजयमालाताई स्वतः फोन करणार. कागदावर हे सगळं झकास दिसत होतं. पण सात शहाण्या माणसांना आणि आठव्या मला एक साधी गोष्ट सुचली नाही, आणि ती जयराजच्या मुळावर येता येता राहिली.

जयराज पंचवीस वर्षांचा. घर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात. नोकरी खंडाळ्याकडच्या कारखान्यात आणि राहायला तिकडंच, तिघांत एक खोली. एका सोमवारी सकाळी आठला त्यानं मला फोनमध्ये घेतलं. लिहिलं, "मित्रासाठी विचारतोय." मी मनात म्हटलं, या, बसा.

एकेक प्रश्न पुढं सरकत गेला. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास संबंध आला होता. निरोध फाटला. रविवारी समोरच्या व्यक्तीनं स्वतः फोन करून सांगितलं, की नुकत्याच केलेल्या तपासणीत एचआयव्ही निघालाय आणि औषधं अजून सुरू व्हायची आहेत. हे सांगायला हिंमत लागते. त्या व्यक्तीला माझा नमस्कार. ती कोण, कुठली, दोघांचं नातं काय, ते मी विचारलं नाही. माझ्याकडे तो रकानाच नाही. मी फक्त तास विचारतो.

तासच का, ते नीट ऐका. असं काही घडलं तर एचआयव्हीला शरीरात ठाण मांडण्याआधीच अडवणारं औषध असतं. डॉक्टर रक्त तपासतात, धोका किती ते बघतात आणि द्यायचं की नाही ते ठरवतात. मग अठ्ठावीस दिवस न चुकता गोळ्या. मात्र ते बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. बहात्तर उलटले की त्या औषधावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे जयराजची मुदत मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत. सोमवारी आठला त्यातले सदतीस तास संपलेले होते. त्या सदतीस तासांत त्यानं काय केलं? खोलीतल्या दोस्ताच्या सांगण्यावरून हळद घातलेलं दूध दोनदा प्याला. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण हे काम तिचं नव्हे हो!

मी झटक्यात सगळं जुळवलं. साताऱ्याचं केंद्र, त्याच दिवशी दुपारी दोनची वेळ. शेवटचा रकाना उरला: संपर्कासाठी मोबाइल नंबर. जयराजनं एका दमात दहा आकडे दाबले. ते त्याच्या वडिलांचे होते.

त्याला वेडा म्हणू नका. शाळेतल्या शिष्यवृत्तीपासून आयटीआयच्या प्रवेशापर्यंत, गॅसपासून बँकेपर्यंत, भरतीच्या अर्जापासून दूध डेअरीच्या कार्डापर्यंत, त्या घरातल्या प्रत्येक फॉर्मवर एकच नंबर असतो, आबांचा. कारण तो कधी बदलत नाही. जयराजनं स्वतःचा नंबर चार वर्षांत पाचदा बदलला होता. जिथं रेंज चांगली तिकडं उडी. त्यामुळं फॉर्म दिसला की हात आपोआप आबांचेच आकडे टाकतो. क्षणभर थांबून वाचलं असतं तर चुकला नसता. पण घाबरलेला माणूस वाचत नाही, भरत सुटतो. सव्वाआठला त्यानं मला पुसून टाकलं आणि मेसेजची वाट बघत तो कामावर गेला.

मेसेज गेला लालासाहेबांना. म्हणजे आबांना. फौजेतले निवृत्त हवालदार, वय सदुसष्ट, मिशा पांढऱ्या पण टोकदार. मेसेज असा होता: "नमस्कार. आपली वेळ आज दुपारी २. पत्ता खाली दिला आहे. परवलीचा शब्द: दोडका. कृपया उशीर करू नये."

परवलीचा शब्द! निवृत्त झाल्यापासून त्या माणसाला कुणी परवलीचा शब्द दिला नव्हता. माजी सैनिकांची काहीतरी तपासणी असणार, असं त्यांनी चंद्राबाईंना, म्हणजे बायकोला सांगितलं, इस्त्रीची पँट चढवली आणि पावणेदोनला केंद्राच्या दारात उभे राहिले. "दोडका!" त्यांनी दाराशी बसलेल्या मुलीला असं खणखणीत सांगितलं, की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. माझ्या यादीत खूण पडली: हजर.

आता बघा माझी गंमत. यादीत हजर पडलं म्हणजे जयराजचा शोधही कुणी घेणार नाही. तिकडं तो दर दहा मिनिटांनी मोबाइल बघतोय, मेसेज नाही. दुपारच्या जेवणापर्यंत त्यानं ठरवूनही टाकलं, की आपल्यासारख्याला ते घेत नसतील. हे त्यानं मागाहून विजयमालाताईंना सांगितलं. पुन्हा मला उघडून एक ओळ विचारायची, तर ते नाही! लाजेपायी माणूस किती तास फुकट घालवू शकतो याचा हिशेब कुणी मागितला तर माझ्याकडे आहे.

आत विजयमालाताईंच्या टेबलावर त्यांचा फोन होता आणि त्यात मी उघडा. ताईंनी माझ्याकडे पाहिलं: वय पंचवीस. मग समोरच्या मिशांकडे पाहिलं.

"आबा, वय किती तुमचं?"

"सदुसष्ट पुरं. पर दम बगा, जिना एका झटक्यात चढलो."

"आणि... तास किती झाले?"

"मेसेज ईऊन? सहा तास बी न्हाई झालं. पंधरा मिन्टं आदी हजर हाय म्या."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही कुठला फॉर्म भरला होता का?"

"म्या कशाला भरू? पर घरातल्या समद्यांच्या फॉर्मवर ह्योच नंबर असतोय. गॅस, डेअरी, सूनबाईचा दवाखाना, पोराची नोकरी... शेजारच्या आकारामच्या म्हशीचा इमा बी ह्याच नंबरवर हाय."

ताईंची पंचाईत मला दिसत होती. या माणसाच्या फॉर्मांच्या गोतावळ्यात पंचवीस वर्षांचा कुणीतरी आहे आणि त्याचे त्रेचाळीस तास संपलेत. नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. नुसतं वय सांगितलं तरी आबा तिथल्या तिथं ओळखणार. वीस वर्षांत त्यांनी कुणाचं गुपित फोडलं नव्हतं. आणि तोंड बंद ठेवलं तर औषध कपाटात आणि पोरगा खंडाळ्यात. दुसरा नंबर देणार कोण? मी? सगळा जिल्हा मोजणारा मी, आणि ऐन वेळी माझ्याकडे दहा आकडे नाहीत!

"आबा, ही वेळ तुमची नव्हती," शेवटी ताई म्हणाल्या. "कुणाची होती ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. पण ज्याची कुणाची आहे, त्यानं उद्या संध्याकाळी सहाच्या आत इथं यायला पाहिजे. सहाला डॉक्टर उठतात, आणि परवा येऊन उपयोग नाही."

आबा तोवर भिंतीवरचा तक्ता वाचत होते. ओठ हलत होते. लैंगिक आजार, एचआयव्ही, निरोध, तळाची माझी जाहिरात, सगळा वाचून झाला. मला वाटलं, आता हा माणूस टेबलावर मूठ आपटणार. असले वडील मी पुष्कळ बघितलेत.

"म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या पलटणीत रजेवर निघालेल्या जवानाला डाक्टर सायब म्होरं बसवून ह्येच लेक्चर द्यायचा. पाकीट हातावर ठेवायचा. जो लाजंल त्येला दोन. पर म्या गावाकडं ईऊन कुनाला कायबी बोललो न्हाई. पोरांस्नी बी न्हाई." मग ताईंकडं वळून, "उशीर झाला तर... जीव जातोय का?"

"नाही हो. एचआयव्ही झाला तरी औषधावर माणसं चांगली, लांब जगतात. संसार करतात. पण जे टळण्यासारखं आहे ते टाळायला नको का?"

"टाळायचं. तर मग आदी माझं रगत घ्या."

"तुमचं कशाला?"

"घ्या तर. आन् ही कान का काय म्हनत्यात ती वस्तू माझ्या फोनात घाला. आन् आमच्या घरच्या ग्रुपवर म्या सांगतो ते लिवा."

ताईंनी लिहिलं. मी आता आबांच्याही फोनमध्ये होतो, त्यामुळं शब्द न् शब्द मला समोर दिसत होता: "मी आज साताऱ्यात तपासणी करून घेतली. एचआयव्हीची सुद्धा. व्यवस्था चांगली आहे. घरातल्या सर्व मोठ्या माणसांनी उद्या मंगळवारी दुपारी चारला खालील पत्त्यावर हजर राहावे. खंडाळ्याहून सुद्धा. सहानंतर डॉक्टर नाहीत. प्रत्येकाला आत एकटं घेतात. आत कोण काय बोललं ते दुसऱ्यानं विचारायचं नाही. कारणं चालणार नाहीत. लालासाहेब."

"सगळ्यांना कशाला बोलावताय?" ताईंनी विचारलं.

"एकाला बोलावलं तर त्यो उघडा पडंल," आबा म्हणाले. "समदी आली, तर कोन कशासाठी आलं हे कुनाला कळतंय?"

ताईंनी मेसेज ग्रुपवर पाठवून दिला.

पण ग्रुप म्हणजे ग्रुप. तासाभरात उत्तरं आली. सीमेवर असलेल्या थोरल्या मुलानं सॅल्यूट ठोकला. पुतण्या धनाजीनं अंगठा दाखवला. आकाराम त्या ग्रुपमध्ये का आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्यानं गुलाबाचं फूल पाठवलं. चंद्राबाईंनी आवाज पाठवला: "आवं, समद्यांनी जायाचं तर डबं किती भरू? आन् तितं बसायला सतरंजी घ्यायची का?" जयराजकडून काही नाही. मेसेजपुढं दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या. वाचलंय. वाचूनही गप्प! मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

मंगळवारी चारला जीप लागली. एकोणसत्तर तास. चंद्राबाई, थोरली सून रेश्मा, धनाजी, आणि बोलावलेलं नसताना आकाराम. डब्यांचा वास केंद्रभर पसरला. चंद्राबाईंनी आत जाऊन आधी गुडघा दाखवला.

"मावशी, इथं गुडघ्याचं बघत नाहीत," ताई म्हणाल्या.

"मग रगत घेताय तर साकर तरी बगा की. रिकाम्या हातानं कुटं जाऊ?"

रेश्मा आत गेली ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. दोन वर्षं ती काहीतरी अंगावर काढत होती आणि विचारायला माणूस नव्हतं. काय ते मी सांगणार नाही. बाहेर येताना तिच्या हातात औषधाची चिठ्ठी होती आणि खांदे मोकळे झाले होते. आकारामनं आत मोजून दोन मिनिटं काढली आणि येऊन म्हणाला, "लय चांगली बाई हाय रं, धनाजी. ओरडत न्हाई."

साडेचार. पाच. जयराजचा पत्ता नाही. आबा बाहेरच्या बाकावर रस्त्याकडं तोंड करून बसलेले. हातात फोन, फोनमध्ये मी.

"आवं, फोन करा की त्येला," चंद्राबाई म्हणाल्या. "समद्यांचं झालं. किती येळ बसायचं?"

"न्हाई करायचा."

"का पर?"

"फोन केला तर त्येला वाटंल, त्येलाच बोलावलंय."

"मग कुनाला बोलावलंय?"

"समद्यांस्नी," आबा म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले. मघापासून ते घड्याळ बघत होते. फोन उघडायचे, वेळ बघायचे, बंद करायचे. मी मोजलं, एका तासात एकतीस वेळा. पाच वीस झाले. आत डॉक्टर पेनाचं टोपण लावतायत असं मला वाटायला लागलं. माणसानं आपल्या पोरासाठी सगळं घर जीपमध्ये भरून आणावं, आणि पोरानं सुट्टीच्या अर्जापाशी अडावं! किंवा अर्जच केला नसेल तर? हा प्रश्न मला सुटत नव्हता आणि आबांनाही.

पाच पस्तीसला जयराज कोपऱ्यावरून पळत आला. शर्टावर कारखान्याचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"सायब सुट्टी दीना झाला, आबा. मग तसाच आलो."

आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फोनमध्ये डोकं घालून म्हणाले, "तुजी आई झाली, वैनी झाली, धनाजी झाला. तूच ऱ्हायलाय. जा आत."

आत ताईंनी दार लावलं. जयराज खुर्चीच्या टोकावर टेकला. "मॅडम, ते माझ्या एका मित्राला..."

"किती तास झाले मित्राला?"

"सत्तर," तो म्हणाला. "पस्तीस मिनिटं वर." आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं, लहान पोराचं होतं तसं. म्हणजे तोही मोजत होता. सोमवार सकाळपासून एकटाच.

डॉक्टरांनी बघितलं, रक्त घेतलं, समजावून सांगितलं. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा सत्तर तास पन्नास मिनिटं झाली होती. ताईंनी त्याचा स्वतःचा नंबर लिहून घेतला, त्याच्यासमोर वाजवून बघितला आणि मला पुन्हा त्याच्या फोनमध्ये घालायला लावलं.

"आबांना तुम्ही...?"

"मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी सृष्टीला फोन केला आणि माझं पोट उघडून ती दिवसभर बसली. तेव्हा कळलं, की माझ्याकडे नोंदवलेल्या दर चार नंबरांपैकी एक नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी होता. वडलांचा, दिराचा, डेअरीच्या चेअरमनचा. एका नंबरवर अकरा माणसं निघाली. सहा वर्षं मी लोकांच्या खोड्या मोजत बसलो आणि ही एवढी मोठी खोड माझ्याच शेवटच्या रकान्यात बसून होती. सृष्टीनं 'संपर्कासाठी मोबाइल नंबर' हे शब्द काढून टाकले. आता मी विचारतो, "जो फोन झोपताना तुमच्या उशाशी असतो, त्याचा नंबर काय?" आणि मेसेज पोचला का, ते पडद्यावर लगेच विचारून घेतो. गेल्या महिन्यात किती जण या प्रश्नापाशी अडखळले आणि मागं जाऊन आकडे बदलून आले, सांगू? एकशे चौदा.

आबा आता माझे सगळ्यांत नेमाचे वाचक आहेत. माझे सगळे धडे त्यांनी संपवले, माजी सैनिकांच्या ग्रुपवर पाठवले, तिथं दोघांशी भांडले. मला त्यांनी चार तारे दिलेत. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय: "परवलीचा शब्द बरा ठेवावा."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. निरोध वापरा, जपून वापरा. शंका आली तर तपासून घ्या. तपासणीला कुणाचा जीव जात नाही. काही घडलंच तर दुधात हळद ढवळत बसू नका, घड्याळ बघा आणि निघा. लाज वाटली तर वाटू द्या, तिला घेऊनच निघा. फॉर्मवर आपला नंबर टाका. मला पुसायचं तर खुशाल पुसा, पण आधी काम उरकून घ्या. आणि घरात कुणी असं उशिरा, धापा टाकत दारात आलं, तर आबांनी विचारलं तेवढंच विचारा, म्हणजे काहीच नाही.

जयराजनं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोळ्या घेतल्या. पहिले आठ दिवस मळमळलं, तरी घेतल्या. एकही चुकली नाही, माझ्याकडे खुणा आहेत. दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. तीन महिन्यांनी शेवटची. निकाल त्याच्या स्वतःच्या फोनवर गेला: एचआयव्ही नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यानं तो चार वेळा उघडून वाचला आणि लगेच घरी फोन लावला. आबा रानात होते, उसाच्या बांधावर.

"आबा, ते... त्याचं उत्तर आलं. चांगलं आलं."

"कशाचं रं?"

"तुमाला ठाऊक हाय."

आबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. मधल्या वेळात शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मला कायबी ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "जेवलास का?"